एकसष्ट नंबरचा ताबा

"साहेब, अकरा न्हाईत," रसूलभाई म्हणाले.

"नीट मोजा."

"दोनदा मोजलं. ह्या पायाचं चार, त्या पायाचं चार, आनि मागल्या अंगाचं तीन."

एप्रिलमधली सकाळ होती, दहा वाजायला आले होते. मी एकसष्ट नंबरच्या टॉवरखाली उभा राहून वर बघत होतो. वर सगळं जागच्या जागी होतं. तारा होत्या, चिनी मातीच्या चकत्यांच्या माळा होत्या, एक लाख बत्तीस हजार व्होल्टचं ते बारीक गुणगुणणंही होतं. गडबड खाली होती. टॉवरच्या चार पायांना एकमेकांशी बांधून ठेवणारे तिरपे अँगल असतात, त्यांतले माणसाच्या हाताला येतील तेवढे अकरा गायब होते. नुसती बोल्टची भोकं उरली होती आणि त्यांच्या कडांना गंज चढला होता. म्हणजे चोरी काल-परवाची नव्हती.

रसूलभाई मुजावर माझे लाइनमन. एकतीस वर्षांची नोकरी, त्यातली निम्मी टॉवरच्या टोकावर गेलेली. त्यांनी टॉवरच्या पायावर तळहात ठेवला आणि जरा वेळ तसाच राहू दिला.

"वळवाचं वारं सुटलं तर ह्यो पाय फाकनार," ते म्हणाले.

माझ्या बगलेत पेट्रोलिंगचं रजिस्टर होतं. लाइनखालून महिन्यातून एकदा पायी चालत जायचं, एकेक टॉवर बघायचा आणि त्यात लिहायचं, असा नियम. एकसष्ट नंबरसमोर गेल्या दोन वर्षांत चोवीस वेळा लिहिलं होतं, 'पाहणी केली, सर्व ठीक.' चोवीसही वेळा खाली सही माझी होती. आणि त्या चोवीस महिन्यांत मी इथे एकदाही आलो नव्हतो.

आता हे कसं झालं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही मला सरळ लबाड म्हणाल. तसा मी होतोच, पण एकटा नव्हतो. आमच्या गँगमध्ये नऊ माणसं. काम एकशे बारा टॉवरचं. पण कुठे खांब पडला की गँग तिकडे, ट्रान्सफॉर्मर जळला की तिकडे, तारांवर टाकलेले आकडे काढायची मोहीम निघाली की पुन्हा तिकडे. गावात अंधार झाला की माणसं फोन करतात, मोर्चा आणतात. टॉवर कधी फोन करत नाही. त्यामुळे महिनाअखेरीला मी खुर्चीत बसून पेट्रोलिंग करायचो. रजिस्टर खरं वाटावं म्हणून मधूनमधून एखादी बारीक खोड काढायचो. माझी आवडती खोड म्हणजे एक्केचाळीस नंबरजवळची बाभूळ. 'तारेकडे वाढलेली फांदी छाटली,' असं मी दोन वर्षांत पाच वेळा लिहिलं होतं. आठ दिवसांपूर्वी आम्ही एक्केचाळीसला पोचलो तेव्हा रसूलभाईंनी चारी बाजूंना बघितलं होतं. सगळीकडे ज्वारी काढलेलं मोकळं रान. बाभूळ सोडा, तिचं खोडही नव्हतं. रसूलभाईंनी तंबाखू मळायला घेतली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

आणि हे टॉवर आता मोजत होतो ते वाटणीसाठी. आदल्या वर्षी आमच्या वीज खात्याचे तीन भाग झाले होते. वीज तयार करणारे एकीकडे, घरोघर देणारे दुसरीकडे, आणि मधल्या उंच तारांवरून ती वाहून नेणारे आम्ही तिसरीकडे, स्वतंत्र कंपनी म्हणून. आम्ही सगळ्यांनी त्याची भरपूर टिंगल केली. तीन चुली झाल्या पण भांडी तीच, असं मीच कँटीनमध्ये बोललो होतो. मिरजेच्या ऑफिसात खडूनं रेघ मारून खोल्या वाटल्या गेल्या आणि एका पंख्यावरून दोन हेडक्लार्क महिनाभर बोलेनासे झाले. आमच्या बाजूला अमरावतीच्या कडू मॅडम कार्यकारी अभियंता म्हणून आल्या. बारीक चणीची, हळू बोलणारी बाई.

त्यांनी एक फॉर्म पाठवला. प्रत्येक टॉवरसमोर दोन रकाने. 'जुन्या खात्यातर्फे देणारा' आणि 'नव्या कंपनीतर्फे घेणारा'. देणाऱ्यानं लिहायचं, टॉवर पूर्ण आहे. घेणाऱ्यानं लिहायचं, पाहिला, पूर्ण मिळाला. आणि माझ्या फॉर्मवर दोन्हीकडे टाइप केलेलं नाव एकच होतं. श्री. वृषभ आण्णा मगदूम, कनिष्ठ अभियंता. घरी हा फॉर्म पाहून मंगल, माझी बायको, म्हणाली होती, "मग आता स्वतःशीच हात मिळवणार का?" मीही हसलो होतो. सरकारी कारभार असाच असतो म्हणालो.

फॉर्म द्यायची शेवटची तारीख आजची होती. दोन्ही टोकांकडून चालत येऊन आम्ही मधल्या टॉवरांवर पोचलो होतो, त्यात हा एकसष्ट.

"कोन साहेब?" मागून आवाज आला.

बाबासो चौगुले, जमिनीचा मालक. टॉवर त्याच्या द्राक्षबागेच्या बांधावर होता, आणि टॉवरपासून पंधरा पावलांवर त्याची बेदाण्याची शेड. वर पत्रा, चारी बाजूंना हिरवी जाळी. आत द्राक्षं वाळत घातलेली, एकावर एक दहा थर. बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता.

"लाइनची माणसं," रसूलभाई म्हणाले.

"असं? मला वाटलं सर्व्हेवालं." त्याची नजर टॉवरच्या पायाकडे गेली आणि लगेच तिथून उठली. "च्या घेनार का?"

रसूलभाई चहासाठी थांबले नाहीत. ते सरळ शेडकडे गेले आणि जाळी बाजूला सारून आत शिरले. मी त्यांच्या मागे गेलो. बारा-तेरा बायका बसून बेदाणा निवडत होत्या. रसूलभाईंनी रॅकच्या एका उभ्या अँगलवर बोट ठेवलं. कारखान्यात ठोकलेला नंबर त्यावर तसाच होता. टॉवरच्या प्रत्येक तुकड्यावर असा नंबर असतो.

"मी न्हाई काढलं," बाबासो म्हणाला. "भंगारवाल्यानं आनून दिलं. इकत घेतलंय."

"कुठनं आनलं ते दिसत हुतं की," रसूलभाई म्हणाले.

बाबासो माझ्याकडे वळला. "खरं सांगू का साहेब? दोन वर्सं हितं तुमचं मानूस दिसलं न्हाई. आदी म्हैन्याला भाई यायचं, पानी प्यायचं, फुडं जायाचं. मग त्ये बी बंद झालं. ह्यो टॉवर कुनाचा हाय तेच कळंना. बिनधन्याची वस्तू म्हनल्यावर मानूस हात घालतंय."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण मी बगलेतलं रजिस्टर सावरलं.

"अँगल परत द्या," रसूलभाई म्हणाले.

"देतो की. खरं माल वाळल्याशिवाय रॅक कसा सोडू? पंदरा दिस द्या. आनि त्ये आता कापल्यात, मापाला."

म्हणजे ते परत बसणारही नव्हते. नवे आणायला हवेत. नवे आणायचे तर स्टोअरला लेखी कारण द्यायला हवं, आणि कारण लिहिलं की पहिलं उघडलं जाणार ते माझं रजिस्टर. त्या वर्षी बढतीच्या यादीत माझं नाव होतं. तेरा वर्षांनी आलं होतं.

बाहेर येऊन मी शिरोळकर साहेबांना फोन लावला. कागदोपत्री वाटणी आदल्या वर्षीची, पण गेल्या महिन्यापर्यंत तेच माझे साहेब होते; आता ते वितरणाकडे गेले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मगदूम, तुमच्या प्रत्येक सहीखाली माझी सही आहे," ते म्हणाले. "गँग मी नेत होतो हे खरं. पण म्हणून तुम्ही आता हे अंगावर घेऊ नका. फॉर्मवर पूर्ण लिहा. दिवाळीनंतर दुरुस्तीच्या कामात घालून टाका, कुणाला पत्ता लागत नाही."

"मधे पावसाळा आहे, साहेब."

"दोन वर्षं उभा आहे ना? आणखी सहा-सात महिने राहील."

फोन ठेवला. रसूलभाई समोरच उभे होते, त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

"शिरोळकर साहेब म्हनत्यात तसं बी करता येतंय," ते म्हणाले. "मी काय कुनाला सांगनार न्हाई. तुमच्यासंगं मी बी अंगठा उठवलाय त्या रजिस्टरावर."

"मग तुमचं म्हणणं काय?"

"माजं काय म्हननं न्हाई. तुमी हापिसात जावा. मी हितंच ऱ्हातो." त्यांनी पायातल्या चपला काढल्या आणि शेडच्या दाराशी बसले. "बायकान्ला तेवढं घराकडं बसून निवडा म्हनतो. मालन वहिनी," त्यांनी आत हाक मारली, "पोती घ्या उचलून, घरच्या पडवीत बसा आज."

बाबासोची बायको बाहेर आली. पदराला हात पुसत तिनं आधी नवऱ्याकडे बघितलं, मग वर टॉवरकडे. "पडतोय का काय?" तिनं विचारलं. मला विचारलं. कारण तिथे साहेब मीच होतो.

मी म्हणालो, "बघतो."

जीपमधून मिरजेला येईपर्यंत तो शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही. 'बघतो' म्हणून मी चोवीस महिने काढले होते.

ऑफिसात बारा वाजता पोचलो. कडू मॅडमच्या टेबलावर फायलींचा ढीग होता आणि टेबलाखाली बुटांचा एक नवाकोरा खोका होता. कुणा भाच्यासाठी घेतले असतील असं वाटलं मला. माणूस घाबरला की त्याचं लक्ष भलत्याच गोष्टींकडे जातं.

"झाली यादी?" त्यांनी विचारलं.

"झाली. सह्या करायच्या राहिल्यात."

"मग इथेच करा. बसा ना."

मी बसलो आणि देणाऱ्याच्या रकान्यात सह्या करत सुटलो. एक ते एकशे बारा, प्रत्येक ठिकाणी 'पूर्ण'. हात सवयीनं चालत होता. एकसष्टलाही तो अडखळला नाही, हे मी आज कबूल करतो. मग घेणाऱ्याचा रकाना सुरू केला. पहिला, दुसरा, दहावा. एक्केचाळीसला ती नसलेली बाभूळ आठवली. साठपर्यंत आलो आणि हात थांबला. देणारा मगदूम समोरच्या रकान्यात म्हणत होता, घे, पूर्ण आहे. मी त्याला चांगला ओळखत होतो. त्याच्याकडून मी जुनी सायकलसुद्धा विकत घेतली नसती.

मी लिहिलं, 'खालचे अकरा अँगल नाहीत. या स्थितीत ताबा घेता येत नाही.' सही केली. उरलेल्या एकावन्न केल्या आणि फॉर्म पुढे सरकवला.

मॅडमनी एकेक पान उलटलं. एकसष्टवर थांबल्या.

"देणारा म्हणते पूर्ण आहे. घेणारा म्हणते अकरा नाहीत. मी कोणाचं खरं धरू?"

"घेणाऱ्याचं."

"मग देणाऱ्याची चौकशी होईल, मगदूम."

"हो."

"त्यात मी काही मदत करू शकणार नाही."

"समजलं, मॅडम."

त्यांनी पेनचं टोपण लावलं. "ठीक आहे. देणाऱ्याचं नंतर पाहू. घेणाऱ्याला काय पाहिजे ते सांगा."

हा प्रश्न मला कुणी नोकरीत कधी विचारला नव्हता. मी चाचरत म्हणालो, "अकरा अँगल. बोल्ट. टॉवरला आज ताण द्यायला तारेचे दोर. आणि चार दिवस गँग."

त्यांनी स्टोअरला फोन लावला, माप वाचून दाखवलं, आणि गाडी भरायला सांगितली. एवढंच. पूर्वी तेच अँगल मागितले असते तर स्टोअरकीपरनं विचारलं असतं, खांबाच्या कामाला द्यायचेत, तुमच्या टॉवरची एवढी काय घाई?

गाडी भरत होती तेवढ्यात शिरोळकर साहेबांचा फोन आला, मॅडमच्या टेबलावरच. वाळव्याकडे वाऱ्यानं खांब पडले होते, त्यांना गँग हवी होती. नेहमीची मागणी. मॅडम शांतपणे ऐकत होत्या.

"नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "तुमची अडचण कळते मला. पण गँग आमची आहे आणि आज ती एकसष्टवर चालली." पलीकडून बरंच काही बोललं गेलं. "वरती बोला ना जी, जरूर बोला. पण आता तुमचं वर वेगळं आहे आणि माझं वर वेगळं आहे." आणि फोन ठेवला.

तेरा वर्षांत शिरोळकर साहेबांना नाही म्हणणारं माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि तेही आवाज न चढवता.

"तुम्ही कँटीनमध्ये काय म्हणता ते येते माझ्या कानावर," मॅडम मला म्हणाल्या. "तीन चुली. पण एक सांगा, आपल्याकडे विकायला आहे काय? वीज आपली नाही, गिऱ्हाईक आपलं नाही. मधली वाट तेवढी आपली. इतके दिवस ती सगळ्यांची होती, म्हणून कोणीच पाहत नव्हतं. आता ती तुटली तर शरमेनं मान खाली घालायला फक्त आपणच आहोत. मला ते बरं वाटते."

मला तेव्हा ते बरं वाटलं नाही. माझी मान आधीच खाली होती.

संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही टॉवरला चारी बाजूंनी दोरांचा ताण दिला. रसूलभाई शेडच्या दारातून उठले, चपला घातल्या आणि कामाला लागले. आत एकही बाई नव्हती. पुढचे चार दिवस गँगची नऊच्या नऊ माणसं एका ठिकाणी, एका कामावर होती. अशी मी ती कधी पाहिली नव्हती, आणि माझी खात्री आहे, त्यांनीही स्वतःला पाहिलं नव्हतं. नवे अँगल बसले, आणि पुन्हा कुणी काढू नयेत म्हणून खालचे बोल्ट वेल्डिंगनं बंद केले. बाबासोनं चहा आणून दिला, दिवसातून तीनदा. चोरीची तक्रार मी लिहिली तेव्हा भंगारवाल्याचं नाव त्यानं आपणहून सांगितलं, आणि आपलंही.

सहाव्या दिवशी दुपारी वळीव आला. मी रसूलभाईंना घेऊन मुद्दामच तिथे गेलो होतो. आम्ही बाबासोच्या पडवीत उभे होतो. वाऱ्यानं शेडची जाळी फाटून बागेवर गेली, दोन पत्रे उडाले, बांधावरचा शेवगा आडवा झाला. टॉवरच्या तारा इतक्या हलत होत्या की मला बघवेना. मी रसूलभाईंच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांनी टॉवरवरची नजर काढली नाही. अर्ध्या तासानं ते म्हणाले, "हाय जागंवर," आणि मी भिंतीला टेकून बसलो.

मालन वहिनी भिजलेला बेदाणा सुपात गोळा करत होत्या. शेडकडे बघून त्या म्हणाल्या, "साहेब, आता दर म्हैन्याला याल न्हवं?"

"येईन," मी म्हणालो. निवृत्त होईपर्यंत अकरा वर्षं गेलो, पायी.

चौकशी झाली. बढतीच्या यादीतून नाव गेलं, ते पुढे चार वर्षांनी आलं. शिरोळकर साहेबांनाही उत्तर द्यावं लागलं. त्यानंतर ते कुठे भेटले तर रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. मला त्याचं वाईट वाटायचं, माणूस वाईट नव्हता. मंगल एकदाच बोलली. "हात मिळवायचा सोडून कानाखाली वाजवून आलात की," म्हणाली, आणि पान वाढलं.

दोन वर्षांनी कडू मॅडमची बदली झाली. निरोपाचा चहा झाल्यावर मी त्यांच्या खोलीत गेलो. त्या खण रिकामे करत होत्या.

"मगदूम," त्या सहज म्हणाल्या, "ती एक्केचाळीसची बाभूळ कशी आहे?"

मी म्हणालो, "तिथे बाभूळ नाही, मॅडम. कधीच नव्हती."

"माहीत आहे. तुमच्या रजिस्टरात दोन वर्षांत पाच वेळा छाटलेलं झाड कसं असते ते पाहायला गेले होते मी. फॉर्म पाठवायच्या आदल्या दिवशी."

हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडू लागला. "म्हणजे फॉर्मवर दोन्हीकडे माझं नाव..."

"फक्त तुमच्या फॉर्मवर होतं. बाकीच्या सगळ्यांकडून ताबा मी घेतला. तुमच्याकडून मी घेतला असता तर मला फसवताना तुमचा हात थांबला नसता. वरच्याला फसवायची सवय होती तुम्हाला."

दोन वर्षं मी त्या फॉर्मला सरकारी खुळेपणा म्हणत होतो. चारचौघांत किस्सा म्हणून सांगत होतो.

"आणि घेणाऱ्याच्या रकान्यातही मी पूर्ण लिहिलं असतं तर?"

"तर दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी एक नंबरपासून चालायला लागले असते. एकशे बाराही टॉवर."

त्या वाकल्या आणि टेबलाखालून बुटांचा तो खोका ओढून काढला. वर धूळ साचली होती. त्यांनी ती फडक्यानं पुसली आणि झाकण उघडून दाखवलं. आत बूट होते, बायकी मापाचे, जाड तळव्यांचे. नाड्यासुद्धा ओवलेल्या नव्हत्या.

"घालायची वेळ नाही आली," त्या म्हणाल्या, आणि खोका सामानात ठेवला.